कपाटात ठेवता येईल असा बॅकअप

27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम युक्रेनमधून निघाला आणि काही तासांत जगभर पसरला. मर्स्क या जहाजकंपनीचे संगणक एकामागून एक बंद पडले. तिच्याच समूहाकडे असलेल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे कामकाजही विस्कळीत झाले. मर्स्ककडे बॅकअप होते, पण संगणकांचे जाळे सांभाळणारे सुमारे दीडशे मुख्य सर्व्हर एकमेकांनाच आपली नक्कल मानत होते. सगळे एकाच जाळ्यात असल्याने सगळेच पुसले गेले. वाचला तो घानामधला एक सर्व्हर, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. त्याची हार्ड डिस्क एका कर्मचाऱ्याने विमानाने नायजेरियात नेली, तिथे दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती इंग्लंडला पोहोचल्यावर पुढची उभारणी सुरू झाली.

संगणकाला जोडलेली नसलेली प्रत किती मोलाची असते, हे त्या दिवसाने दाखवले. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर संगणकात शिरले की कायम जोडून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्कही त्याच्या तावडीत सापडते. ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवलेल्या डिस्कच्या किंवा टेपच्या कार्ट्रिजपर्यंत मात्र त्याचा हात पोहोचत नाही. म्हणूनच कालबाह्य वाटणारे कार्ट्रिजचे ड्राइव्ह आजही विकले जातात. प्रश्न उरतो तो निवडीचा, आणि त्यासाठी जुना इतिहास फार उपयोगी पडतो.

1995 मध्ये अमेरिकेतल्या आयोमेगा कंपनीने ‘झिप’ ड्राइव्ह बाजारात आणला. फ्लॉपीत जेमतेम 1.44 एमबी मावत असताना झिप डिस्कमध्ये 100 एमबी मावत. ड्राइव्हची किंमत सुमारे 200 डॉलर, डिस्कची 20. त्याच वर्षी सायक्वेस्ट कंपनीने 135 एमबीचा ईझी-135 आणला. क्षमता जास्त असूनही तो मागे पडला, कारण झिप तोवर सर्वत्र पोहोचला होता. मुंबई-पुण्यातल्या डीटीपीवाल्यांच्या हातातही मोठ्या फाइली झिप डिस्कमधूनच फिरत. नोव्हेंबर 1998 मध्ये सायक्वेस्टने दिवाळखोरी जाहीर केली आणि तिच्या कार्ट्रिज जपून ठेवणाऱ्यांवर जुने ड्राइव्ह शोधत हिंडायची वेळ आली.

झिपलाही दुखणे जडले. बिघडलेल्या ड्राइव्हमधून टक्-टक् असा आवाज येई आणि लोक त्याला ‘मृत्यूची टिकटिक’ म्हणत. झिपमध्ये डेटा वाचणारे हेड ड्राइव्हच्या आत असे आणि कार्ट्रिजमध्ये नुसती लवचिक चकती. खराब हेडने चकतीची कड फाटली आणि ती डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, तर त्या ड्राइव्हचे हेडही खराब होई. बिघाड साथीसारखा एका यंत्रातून दुसऱ्यात जाई. 1998 मध्ये ग्राहकांनी आयोमेगावर सामूहिक दावा लावला.

म्हणून खरेदीपूर्वी विचारायचा पहिला प्रश्न असा: हेड कुठे आहे? सध्या छोट्या कार्यालयांत चालणाऱ्या आरडीएक्स प्रकारात अख्खी अडीच इंची हार्ड डिस्क, हेडसकट, कार्ट्रिजच्या जाड कवचात असते. बाहेरचा डॉक फक्त वीज आणि जोडणी पुरवतो. डॉक बिघडला तर नवा आणायचा. डेटाला धक्का लागत नाही. सुरुवातीच्या कमी क्षमतेच्या कार्ट्रिज आणि आजच्या काही टेराबाइटच्या कार्ट्रिज एकाच डॉकमध्ये चालाव्यात, अशीच त्याची रचना आहे. डॉक यूएसबीला जोडला की कार्ट्रिज साध्या डिस्कसारखी दिसते. सेकंदाला 100 एमबी वेग धरला तर 1 टीबी डेटा उतरायला पावणेतीन तास लागतात, म्हणजे रात्रीतून काम होते.

दुसरा प्रश्न, हे माध्यम दहा वर्षांनी वाचणार कोण? एकाच कंपनीच्या हाती असलेले तंत्र त्या कंपनीबरोबर संपू शकते. एलटीओ टेपचा भरवसा इथेच आहे. एचपी, आयबीएम आणि सीगेट यांनी मिळून ठरवलेले हे मानक 2000 साली बाजारात आले आणि ते कुणा एकाच कंपनीच्या मालकीचे नाही. नवव्या पिढीच्या एका टेपमध्ये 18 टीबी मावतात. फेब्रुवारी 2011 मध्ये सॉफ्टवेअरमधल्या दोषाने जीमेलच्या काही खात्यांतली पत्रे नाहीशी झाली, तेव्हा गूगलने ती टेपवरूनच परत आणली. पण टेपलाही पिढ्यांची अडचण आहे. सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागची टेप वाचत. आठव्या आणि नवव्या पिढीचे एकच पिढी मागची वाचतात. त्यामुळे नवा ड्राइव्ह घेताना जुन्या टेपवरचा मजकूर वेळेत पुढे उतरवून घ्यावा लागतो.

खर्चाचे गणितही टेप आणि आरडीएक्स यांत उलटे आहे. टेप स्वस्त, पण ड्राइव्ह लाखांच्या घरात. आरडीएक्सचा डॉक त्यामानाने स्वस्त, पण प्रत्येक कार्ट्रिज महाग. दहा-वीस टेराबाइटचा साठा वर्षानुवर्षे वाढत जाणाऱ्या चित्रपट किंवा टीव्ही स्टुडिओला टेप परवडते. सनदी लेखापालाचे कार्यालय, दवाखाना किंवा छोटा छापखाना असेल तर आरडीएक्स पुरेसे आहे. घरातल्या फोटोंसाठी मात्र दोन्ही नकोत. दोन साध्या बाहेरच्या हार्ड डिस्क घेऊन त्या आलटून पालटून वापरल्या तरी काम भागते.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला 3-2-1 नियम इथे नीट बसतो: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. कार्ट्रिजवाल्यांसाठी याचा व्यवहारी अर्थ असा की किमान तीन कार्ट्रिज घ्याव्यात. एक डॉकमध्ये, दुसरी कार्यालयातल्या कपाटात, तिसरी मालकाच्या घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. आणि दर आठवड्याला जागा बदलाव्यात. इमारतीबाहेर जाणाऱ्या कार्ट्रिजवरचा डेटा सांकेतिक लिपीत ठेवावा आणि पासवर्ड कार्ट्रिजसोबत ठेवू नये. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यातल्या दमटपणाने टेपवर बुरशी धरते, तेव्हा हवाबंद डब्यात सिलिका जेल हवेच.

दुकानदाराकडून पावती घेण्याआधी एक चाचणी मात्र करून पाहावी. दुकानातल्या एका संगणकावर कार्ट्रिजमध्ये एक मोठे फोल्डर उतरवावे, ती बाहेर काढावी, आणि शक्य असेल तर दुसऱ्याच संगणकाला जोडलेल्या दुसऱ्या डॉकमधून त्यातल्या फाइली उघडून बघाव्यात. घरी किंवा कार्यालयात आणल्यावर हीच चाचणी दर तीन महिन्यांनी, कार्ट्रिज बदलण्याच्या दिवशी करता येते.