चितळाला न दिसणारा केशरी

एप्रिलमधलं ताडोबा. साग उघडाबोडका, बांबू वाळून पिवळट, जमिनीवर पानांचा कुरकुरीत थर. त्यातून भडक केशरी रंगाचा वाघ सावकाश चालत येतो. टीव्हीवर हे दृश्य आपण इतक्यांदा पाहिलंय की त्यातली गंमत कुणाला खटकतही नाही. दबा धरून, अगदी जवळ सरकत जाऊन झडप घालणं हीच ज्याची पोट भरायची रीत, त्या जनावरानं असा रंग का घेतला असेल? हायवेवर काम करणाऱ्या मजुरांना आपण केशरी जाकीट देतो, ते लांबून दिसावेत म्हणून.

उत्तर वाघाच्या कातडीत नाही, चितळाच्या डोळ्यात आहे. माणसाच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, हरणांच्या डोळ्यात दोनच. लाल आणि हिरवा यांतला फरक कळायला जी तिसरी लागते, ती त्यांच्याकडे नाही. त्यामुळे आपल्याला जो केशरी दिसतो तो चितळाला गवताच्या, पानांच्या रंगातच मिसळलेला दिसतो. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये संगणकाच्या मदतीनं हे तपासून पाहिलं होतं: दोनच रंगपेशी असलेल्या डोळ्याला वाघ झाडीत शोधणं फार अवघड जातं. मग वाघ सरळ हिरवाच का झाला नाही? कारण सस्तन प्राण्यांच्या केसांना रंग देणारी द्रव्यं दोनच: एक काळं-तपकिरी, दुसरं पिवळं-तांबूस. त्यातून हिरवा निघत नाही. पण ज्याच्यापासून लपायचं त्याला हिरवा आणि केशरी सारखाच दिसत असेल, तर हिरवं व्हायची गरजच काय?

आता नजर वर, झाडावर न्या. तिथे वानरं बसलेली असतात. काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या या वानरांच्या डोळ्यात आपल्यासारख्याच तीन रंगपेशी. म्हणजे ज्या जंगलात चितळाला वाघ हिरवट दिसतो, त्याच जंगलात डोक्यावरच्या वानराला तो केशरीच दिसतो, आणि तोही उंचावरून. चितळांचे कळप वानरांच्या झाडाखाली चरताना दिसतात. वानरं खाता खाता निम्मा पाला खाली टाकतात, तो त्यांना आयता मिळतो, हे त्याचं नेहमीचं स्पष्टीकरण. मला मात्र वाटतं, चितळांनी पाल्याबरोबर तिसरा रंगही उसना घेतलाय.

हे सगळं सांगायचं कारण असं की निसर्गावरचे माहितीपट आपण वानराच्या डोळ्यांनी बघतो. कॅमेरा आपल्यासाठीच बनवलेला, त्याला तिन्ही रंग दिसतात. पडद्यावर वाघ लपलेला असला तरी आपल्याला दिसतो, आणि शेजारचं चितळ इतकं मूर्ख कसं, असं वाटत राहतं. ते मूर्ख नसतं.

चंद्रपूरकडे येणाऱ्या पर्यटकांपैकी कितीतरी जण असं काहीतरी पडद्यावर बघूनच येतात. ताडोबाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९५५ सालचा, व्याघ्र प्रकल्प १९९५ चा. पण बाहेरच्या लोकांना ताडोबा तोंडपाठ झालं ते वाघांच्या नावांमुळे: वाघडोह, मटकासूर, आणि सगळ्यांत जास्त माया. सरकारी दप्तरी ती टी-१२. पांढरपौनीच्या पाणवठ्यांभोवती तिचा मुलूख. सफारीच्या जिप्सींची तिला इतकी सवय की रस्त्याच्या मधून चालत यायची आणि समोर ओळीनं उभ्या असलेल्या गाड्यांना वळसा घालून निघून जायची. पनवेलची तरुण छायाचित्रकार ऐश्वर्या श्रीधर हिनं तिच्यावर ‘द क्वीन ऑफ तारू’ नावाची फिल्म केली. २०१९ मध्ये ती न्यूयॉर्कच्या वाइल्डलाइफ कन्झर्वेशन फिल्म फेस्टिव्हलमध्ये दाखवली गेली. नावातला तारू म्हणजे ताडोबाचं मूळ. वाघाशी झुंजताना मारला गेलेला हा गावप्रमुख, असं इथले आदिवासी सांगतात. तलावाच्या काठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथे जत्रा भरत आली आहे. ज्या जागेचा देवच वाघाच्या तोंडी गेलेला माणूस, तिथल्या वाघिणीला राणी म्हणणारी फिल्म निघावी, यात मला काही विसंगत वाटत नाही.

माया कॅमेऱ्यासाठी इतकी सोयीची का होती, याचं कारण तिच्या आईपणात आहे. पिल्लं लहान असताना वाघीण माजावर येत नाही. दीड-दोन वर्षं तिचं सगळं चित्त त्यांच्यात. नव्यानं मुलूख काबीज करणाऱ्या नराला तेवढा धीर नसतो. तो आधीची पिल्लं मारतो, मग वाघीण लवकर माजावर येते. त्यामुळे पिल्लांची आई फक्त शिकार करून भागवू शकत नाही, तिला आजूबाजूच्या नरांशी राजकारणही खेळावं लागतं: कुणाला दूर ठेवायचं, कुणाला चुचकारायचं, कुणाला आपणच बाप आहोत असं वाटू द्यायचं. मायाबद्दल ताडोबातले गाइड असेच किस्से सांगतात, आणि सांगताना तिचं नाव शेजारणीचं घ्यावं तसं घेतात.

पण फिल्ममधलं जंगल आणि गेटमधून आत गेल्यावर भेटणारं जंगल यांत एक मोठा फरक आहे, आणि तो आवाजाचा आहे. कॅमेऱ्याचं भिंग दोन-तीनशे मीटरवरचा वाघ मिशीच्या केसांसकट टिपतं. मायक्रोफोनला ते जमत नाही. त्याला वारा, जिप्सीचं इंजिन आणि मागच्या सीटवरची कुजबुज आधी ऐकू येते. म्हणून जगभरच्या निसर्गपटांमध्ये पावलांचा, गवताच्या सळसळीचा, हाडं फुटण्याचा आवाज पुष्कळदा स्टुडिओत बसून तयार करतात. यात लबाडी आहे का? थोडी आहे. २०११ मध्ये बीबीसीच्या ‘फ्रोझन प्लॅनेट’मधली ध्रुवीय अस्वलाची नवजात पिल्लं युरोपातल्या एका प्राणिसंग्रहालयात चित्रित केली होती, हे कळल्यावर इंग्लंडात मोठा गदारोळ झाला. पावलांच्या आवाजाबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. मला विचाराल तर पिल्लांपेक्षा आवाजाचा मुद्दा मोठा आहे. कारण विदर्भाच्या या जंगलात वाघ आधी कानानं सापडतो.

कोलारा किंवा मोहर्ली गेटनं सकाळी आत शिरलात की गाइड पहिली गोष्ट करतो ती म्हणजे इंजिन बंद करायला सांगतो. मग काहीच होत नाही. रातवा गप्प झालेला असतो, मोर ओरडतो, कुठेतरी सुतारपक्षी झाड ठोकत असतो. मग वानराचं ‘खक्… खक्’. गाइड मान तिरकी करतो, पण हलत नाही. चितळ शिट्टीसारखं ओरडतं. त्यावरही तो लगेच विश्वास ठेवत नाही, चितळ रानकुत्र्याला, बिबट्याला, कधी कधी नुसत्या संशयालाही ओरडतं. आणि मग सांबराचं एकच, घणासारखं ‘पोंक्’. आता जिप्सी वळते. सांबर दिसलं तर वाघ न दिसताही सगळी गोष्ट समोर उभी असते: शेपटी ताठ वर, दोन्ही कान एकाच दिशेला रोखलेले, पुढचा एक पाय जमिनीवर आपटतोय. त्या नाकाच्या रेषेत सरळ पुढे बघा. तिथल्या बांबूत तो आहे. तुम्हाला दिसेलच असं नाही.

गाइड या इशाऱ्याच्या ओरडण्याला नुसतं ‘कॉल’ म्हणतात. ‘कॉल चालू आहे’, ‘कॉल थांबला’, ‘वाघ बसला असणार’. कॉल थांबणं ही सुद्धा बातमी असते. माहितीपटात हा भाग कापला जातो, कारण चाळीस मिनिटं काहीच न घडणं कुठलं चॅनेल दाखवील? कान्हामध्ये १९६० च्या दशकात अभ्यास करणाऱ्या जॉर्ज शॅलर यांचा अंदाज होता की वाघाच्या वीस प्रयत्नांतला एखादाच साधतो. पडद्यावर बहुधा तो विसावा प्रयत्न असतो. उरलेले एकोणीस बघायचे तर ताडोबालाच यावं लागतं. मंगळवार सोडून, त्या दिवशी कोअर, म्हणजे गाभ्याचं जंगल, बंद.

चौकटीबाहेर राहणारी आणखी एक गोष्ट आहे आणि ती आनंदाची नाही. जिप्सीतला माणूस आणि पायी चालणारा माणूस यांना वाघ वेगवेगळे ओळखतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये व्याघ्रगणनेसाठी कोअरमध्ये पायी पाहणी करणाऱ्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीनं मारलं. ती मायाच होती असं तेव्हा बातम्यांत आलं. तीच, जिप्सींना वळसा घालून जाणारी. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मोहफुलंही वेचायची ती पहाटे, वाकूनच. वाकलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही. तेंदूचा हंगाम आणि सफारीचा हंगाम एकाच उन्हाळ्यात येतो. एकाच जंगलात एक जण वाघ दिसावा म्हणून पैसे मोजतो आणि दुसरा दिसू नये म्हणून देवाला हात जोडतो. या दुसऱ्या माणसाच्या नजरेतून ताडोबावर एक धड लांब फिल्म व्हावी, असं मला फार वाटतं.

माया ऑगस्ट २०२३ नंतर दिसली नाही. नोव्हेंबरमध्ये जंगलात एका वाघाचे अवशेष मिळाले आणि डीएनए तपासणीत ते तिचेच निघाले. त्या वेळी तिथे कुठलाच कॅमेरा नव्हता.

तसं पाहिलं तर या भागातल्या वाघांच्या सगळ्यात थरारक गोष्टी कॅमेऱ्यासमोर घडलेल्याच नाहीत. पलीकडच्या यवतमाळातल्या टिपेश्वरचा एक तरुण वाघ २०१९ मध्ये मुलूख शोधायला निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याचा माग तरी लागला. शेतं, रस्ते, नाले, गावं ओलांडत, तेलंगणात जाऊन येऊन, सुमारे ३,००० किलोमीटर फिरून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. ब्रह्मपुरीच्या बाजूचा एक वाघ तर २०२३ मध्ये थेट ओडिशातल्या गजपती जिल्ह्यात निघाला. त्याच्या गळ्यात काहीच नव्हतं. पट्टे जुळवून पाहिले तेव्हा तो आपल्याकडचा आहे हे कळलं. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, इतकंच नाही तर एकाच वाघाची डावी आणि उजवी बाजूही वेगळी असते. त्यामुळे गणनेसाठी रानवाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे बांधावे लागतात. २०२२ च्या अंदाजात महाराष्ट्रात ४४४ वाघ आले, ते अशाच फोटोंच्या जोरावर. एकाही फोटोला संगीत नाही, निवेदन नाही. वाघ बऱ्याचदा अर्धाच आलेला, कधी नुसती शेपटी.

चंद्रपूर सोडून गडचिरोलीत शिरलं की पडदा आणखी मागे पडतो. १९८२ पर्यंत हा सगळा एकच जिल्हा होता. आजही गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल आहे, पण जिप्सींची रांग इथे नाही, आणि टीव्हीवर हा जिल्हा यायचा तो पोलिसांच्या बातम्यांत. आलापल्लीहून भामरागडकडे जाताना वाटेत वनवैभव लागतं. जेमतेम ६ हेक्टरचा तुकडा, पण कुऱ्हाड न लागलेला. इथल्या सागाचा शेंडा बघायला मान पार मागे टाकावी लागते. २०१४ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून याची नोंद झाली. इथे बघायला काही ‘घडत’ नाही. सागाची परातीएवढाली पानं वरून एकेक करून निसटतात आणि खाली पोचायला बराच वेळ घेतात.

आणखी दक्षिणेला, प्राणहिता गोदावरीला मिळते तिथे सिरोंचा. या खोऱ्यात १९६० च्या आसपास कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी खोदकाम केलं आणि सुमारे १४ मीटर लांबीच्या शाकाहारी डायनोसॉरची हाडं बाहेर काढली. रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचे ते दिवस, म्हणून जातीला नाव दिलं बारापासॉरस टागोराय. सांगाडा कोलकात्यात उभा आहे. हाडांबरोबर दगड झालेले झाडांचे ओंडकेही निघाले. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी कुठलातरी मोठा पूर आला असावा आणि त्यात जनावरं नि झाडं एकत्र वाहून आली असावीत, असा एक तर्क आहे. सिरोंचाच्या लोकांना हा तर्क पटायला अडचण येत नाही. प्राणहिता-गोदावरीचा पूर ते दर पावसाळ्यात बघतात. जवळच वडधमला जीवाश्म उद्यान आहे. तिथे दगडाला हात लावून बघा: सालीच्या रेषा बोटांना लागतात, आणि वजन मात्र दगडाचं.

आणि याच जिल्ह्यात २०२१ पासून एक गोष्ट चालू आहे जिचा शेवट अजून कुणी लिहिलेला नाही. ओडिशाकडून छत्तीसगडमार्गे रानटी हत्तींचा एक कळप उतरला आणि इथे वावरू लागला. कित्येक वर्षांत इथे रानटी हत्ती राहिला नव्हता, त्यामुळे लोकांना त्याच्याशी वागायची रीत ठाऊक नाही आणि हत्तीला धानाचा बांध ठाऊक नाही. कापणीच्या दिवसांत रात्र रात्र जागून शेतकरी बांधावर बसतात. पिकं गेली, घरं पडली, माणसंही गेली. कमलापूरच्या सरकारी कॅम्पातले माणसाळलेले हत्ती बघायला शाळांच्या सहली जातात, आणि तिथून काही तालुके पलीकडे हत्ती म्हटलं की लोक दिवा विझवून कान देऊन ऐकतात: बांबू मोडल्याचा आवाज किती लांबून येतोय.

या कळपावर फिल्म करायला कुणीतरी येईलच. ड्रोन आणेल, रात्री दिसणारा थर्मल कॅमेरा आणेल. २०१६ च्या ‘प्लॅनेट अर्थ २’मध्ये मुंबईचे बिबटे तसेच टिपले होते. आला तर त्याला एवढंच सांगायचंय की बांबू मोडल्याचा आवाज तेवढा इथेच, धानाच्या बांधावर बसून रेकॉर्ड करावा.