न सुटलेला बाण

व्हर्जिलच्या ‘एनीड’मधील सातव्या सर्गात युद्धाचे निमित्त ठरते ते एक पाळलेले हरिण. सिल्व्हिया त्याच्या शिंगांना माळा बांधते, त्याला न्हाऊ घालते. ईनियसचा पुत्र अस्कानियस अजाणता त्याच्यावर बाण सोडतो. घायाळ हरिण विव्हळत घरी परतते आणि लॅटियममध्ये रणकंदन माजते.

क्लोद लोरेँ याने हा प्रसंग १६८२ मध्ये, मृत्यूच्याच वर्षी, रोममध्ये रंगविला. (हे चित्र ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात आहे.) काव्यातील निवेदन परिणामाकडे धावते, चित्रकार मात्र बाण सुटण्यापूर्वीच थांबतो. नदीच्या एका काठावर ताणलेले धनुष्य, पलीकडे निश्चल हरिण. मानवाकृती प्रमाणाबाहेर उंच व कृश आहेत. हा दोष म्हणता येईल, परंतु त्या अफाट निसर्गापुढे माणूस नेमका असाच तकलादू दिसतो.

अधिक विचारार्ह आहेत ते डावीकडील भग्न स्तंभ. चित्र ज्याच्यासाठी काढले त्या कोलोना घराण्याचे स्तंभ हे कुलचिन्ह होते. त्यामुळे स्तंभांचा उलगडा होतो, त्यांच्या पडझडीचा नव्हे. ज्याच्या वंशातून पुढे रोमचे संस्थापक जन्मणार, तो अस्कानियस येथे अद्याप कुमार आहे. रोम वसायचे आहे आणि त्याचे अवशेष मात्र त्याच्या पाठीशी आधीच उभे आहेत.