बेगमांच्या नगरीतील एक उपेक्षित कवयित्री

भोपाळचे नाव घेताच तेथील तलाव डोळ्यांपुढे उभे राहतात, तशाच तेथील बेगमाही. १८१९ ते १९२६ या काळात, मधली थोडी वर्षे वगळल्यास, या संस्थानाचा कारभार कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतानजहान या चार स्त्रियांच्या हाती होता. त्यांपैकी शाहजहान बेगम स्वतः उर्दूत काव्यरचना करीत. सुलतानजहान बेगम तर १९२० साली स्थापन झालेल्या अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. अशा नगरीत एका उपेक्षित कवयित्रीची कथा चित्रित व्हावी, हा योगायोग आम्हांस विचार करावयास लावतो.

तो चित्रपट म्हणजे इस्माईल मर्चंट यांचा ‘मुहाफिज’. अनिता देसाई यांच्या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इन कस्टडी’ या इंग्रजी कादंबरीवर तो आधारलेला असून, पटकथा देसाई यांनीच शाहरुख हुसेन यांच्या सहकार्याने लिहिली. कादंबरीतील वृद्ध शायर नूर जुन्या दिल्लीत राहतो. चित्रपटाने त्याचे बिऱ्हाड भोपाळला हलविले. नूरच्या भूमिकेबद्दल शशी कपूर यांचा व कलादिग्दर्शनाबद्दल सुरेश सावंत यांचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत गौरव झाला.

‘मुहाफिज’ म्हणजे रक्षणकर्ता. उर्दू काव्याचा हा मावळता ठेवा जतन करावा, या तळमळीने हिंदीचा प्राध्यापक देवेन नूरच्या दारी येतो. ती भूमिका ओम पुरी यांनी केली आहे. परंतु त्याच घरात आणखी एक कवी राहतो, हे त्याच्या ध्यानी येत नाही. नूरची धाकटी पत्नी इम्तियाज, म्हणजे शबाना आझमी, स्वतः कविता करते. ती मैफलीत गाऊ लागली की देवेनला वाटते, ही शायराचे आसन बळकावू पाहत आहे! कादंबरीच्या अखेरीस ती आपल्या कविता त्याच्याकडे धाडते आणि स्त्रीचे काव्य मोकळ्या मनाने वाचण्याचे धैर्य तुमच्या अंगी आहे काय, अशा आशयाचे पत्र लिहिते. देवेन त्या कविता न वाचताच फाडून टाकतो. काव्याच्या रक्षणार्थ निघालेल्याच्या हातूनच काव्याचा हा नाश व्हावा!

इम्तियाज ही काही सोज्ज्वळ नायिका नव्हे. ती भांडते, आकांत करते, मत्सरही करते. लेखिकेने तिला गोड केले नाही, यातच या कथेचे सामर्थ्य आहे, असे आम्ही समजतो. स्त्री सालस असेल तरच तिचे ऐकावे, हा न्याय नव्हे. तिची कविता कदाचित सामान्यही असेल. पण ती वाचल्यावाचून ते ठरवावयाचे कसे? इकडे देवेनच्या घरी त्याची पत्नी सरला मनातील अपेक्षा मनातच ठेवून संसार रेटते. शायराचा शब्दन्‌शब्द टिपून ठेवण्यास आतुर झालेल्या या गृहस्थास पत्नीचे मौन मात्र ऐकू येत नाही.

शाहजहान बेगमांपाशी गादी होती. इम्तियाजपाशी केवळ एक वही होती. गादीवरील स्त्रीपुढे मान लवविणे सोपे असते; वही घेऊन आलेल्या स्त्रीस दोन घटका देणे कठीण जाते. वाचकहो, आपल्या घरातील फडताळातही एखादी अशी वही पडली असेल. ती आईची असेल, बहिणीची असेल वा पत्नीची. ती आदराने मागून घ्यावी आणि शेवटच्या पानापर्यंत वाचावी, एवढीच आमची विनंती आहे.