पेशीतले बहुरूपी

हिरवा पडलेला बटाटा खावा का, असं एका वाचकाने विचारलं आहे. फार हिरवा किंवा चवीला कडू असेल तर खाऊ नये. गंमत म्हणजे, त्यातला हिरवा रंग मात्र निर्दोष असतो. बटाट्याच्या पेशींत पिष्ट साठवणारी रंगहीन लवकं असतात; उजेड लागला की त्यांचीच हरितलवकं होतात. त्याच उजेडात सोलॅनिन हे विषारी द्रव्यही वाढतं. म्हणून हिरवा रंग दिसला की सावध व्हायचं, एवढंच.

शाळेत हरितलवक, वर्णलवक आणि अवर्णलवक असे तीन प्रकार पाठ करून घेतात. प्रत्यक्षात हे एकाच बहुरूप्याचे वेश! टोमॅटो पिकताना हरितद्रव्य मोडीत निघतं, लायकोपीन साठतं आणि कालचं हरितलवक आज वर्णलवक होतं. नवरात्रात घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात घटाभोवती उगवलेलं धान पिवळं असतं, कारण त्याची लवकं हिरवी होण्याच्या वाटेवर अडकलेली असतात. ऊन मिळालं की काही तासांत ती हिरवी होऊ लागतात. मुळाच्या टोकाशी तर पिष्टकणांनी जड झालेली लवकं पेशीच्या तळाशी बसतात आणि खाली कुठे वाढायचं ते मुळाला कळतं.

ही त्रिविध विभागणी रूढ केली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रेआस शिंपर यांनी, 1883 मध्ये. लवकं पेशीत नव्याने घडत नाहीत, आधीच्या लवकांच्या विभाजनातूनच येतात, असं त्यांनी मांडलं. मग एका तळटीपेत भलताच धाडसी विचार टाकला: हिरवी वनस्पती म्हणजे दोन जीवांचं सहजीवन तर नसेल?

हाच धागा रशियाच्या मेरेश्कोव्स्कींनी 1905 मध्ये पुढे नेला. 1967 मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी त्याला नवा जोर दिला आणि बहुतेक श्रेय त्यांच्याकडे गेलं. आज लवकांमध्ये स्वतःचा डीएनए सापडतो, तो सायनोबॅक्टेरियाशी नातं सांगतो. तळटीपेचा धनी मात्र पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटतो.

‘वाल्डिव्हिया’ या जर्मन सागरी मोहिमेच्या काळात आफ्रिकेत शिंपर यांना मलेरियाने गाठलं. 1901 मध्ये, वयाच्या 45व्या वर्षी ते गेले. मलेरियाच्या परजीवीतही एक लवक आहे, हे कळायला 1990 चं दशक उजाडावं लागलं. त्याचा रंग गेला, प्रकाशसंश्लेषण गेलं, तरी त्याच्यावाचून परजीवीचं चालत नाही. मलेरियाच्या प्रतिबंधासाठी दिलं जाणारं डॉक्सिसायक्लिन याच लवकातली प्रथिननिर्मिती बंद पाडतं.