मामांच्या हातातली किल्ली

ब्युरेटची तोटी एकदा बसली की बसली. कॉस्टिक सोड्याचं द्रावण आत तसंच ठेवून काही आठवडे विसरून जा. सोडा काचेला हळूहळू खातो, तोटी आणि नळी एकमेकींना घट्ट धरतात आणि जोर लावला की नळीच मोडते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ज्यांनी वर्षं काढली, त्यांना हे सांगावं लागत नाही.

२०२० च्या मार्चच्या मध्यावर राज्यातली महाविद्यालयं बंद करण्याचा आदेश आला, तेव्हा आमच्याकडे तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर होती. ओट्यांवर चोवीस ब्युरेटी स्टँडला लावलेल्या, सोड्याचं पाच लिटर द्रावण तयार, फिनॉल्फ्थॅलिनच्या बाटल्या भरलेल्या. आम्ही प्राध्यापक मंडळी स्टाफरूममध्ये परीक्षा कधी होणार, याचीच चर्चा करत बसलो. दोन आठवड्यांचा प्रश्न आहे, असंच सगळ्यांना वाटत होतं. त्याच वेळी आमच्या प्रयोगशाळेचे मामा एकटे आत होते. त्यांनी चोवीसच्या चोवीस ब्युरेटी रिकाम्या केल्या, सौम्य आम्लाने आणि मग पाण्याने धुतल्या, प्रत्येक तोटी काढून पुसली आणि मध्ये कागदाची बारीक पट्टी घालून परत बसवली. मी कुलूप लावायला गेलो तेव्हा म्हणाले, "सर, पोरं येतील तेव्हा येतील. सोडा काही त्यांची वाट बघत नाही."

मामा म्हणजे प्रयोगशाळा परिचर. महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयांत मुलं त्यांना मामाच म्हणतात. करोनाच्या महासाथीत विज्ञान शाखेचं काय झालं, हे सांगायचं तर सुरुवात त्यांच्यापासूनच करावी लागते.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे विद्यापीठांत चार विद्याशाखा आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. प्रत्येकीला अधिष्ठाता, खाली विषयवार अभ्यासमंडळं. कागदावर सगळ्या सारख्या. पण बी.एस्सी.च्या मुलाला विचारा, त्याचं कॉलेज म्हणजे त्याची बॅच, त्याचा ओटा आणि त्याचं जर्नल. इतिहासाचा किंवा अर्थशास्त्राचा तास फोनवर नेता येतो. त्रास होतो, पण नेता येतो. टायट्रेशन कसं नेणार? आमच्या शाखेचं अर्धं शिक्षण डोळ्यांत आणि बोटांत आहे, आणि ते एका खोलीत, एका ओट्याशी, खांद्याला खांदा लावून घडतं. महासाथीने नेमकं तेच बंद केलं.

आणि ती खोली नुसती कुलूप लावून ठेवता येत नाही. सूक्ष्मजीवशास्त्र विभागात जिवाणूंचे वाण अगारच्या तिरक्या नळ्यांवर वाढवून शीतपेटीत ठेवलेले असतात. ठरावीक दिवसांनी ते नव्या नळीत उतरवावे लागतात, नाहीतर अगार सुकतो आणि वाण मरतो. प्राणिशास्त्रात फळमाश्या असतात. अंड्यापासून माशी व्हायला २५ अंश सेल्सिअसला दहाबारा दिवस पुरतात, म्हणजे दर दोनतीन आठवड्यांनी बाटली बदलायला माणूस हवाच. वनस्पतिशास्त्राच्या हर्बेरियमला कसर लागते. पावसाळ्यात सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर बुरशी धरते, आणि एकदा का तिने काचेवरचा लेप खाल्ला की ते भिंग गेलंच. तराजूच्या पेटीतली सिलिका जेल निळ्याची गुलाबी होते. परमँगनेटचं द्रावण रोडावतं, स्टार्चला वास येतो. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत यातल्या एकाही गोष्टीचा तास नाही.

आमचे मामा आवारातल्याच क्वार्टरमध्ये राहायचे. प्राचार्यांनी त्यांना पत्र दिलं आणि ते दर तिसऱ्या दिवशी सगळ्या विभागांतून फिरू लागले. रसायनशास्त्राचा माणूस माश्यांच्या बाटल्या बदलायला शिकला. प्राणिशास्त्राच्या मॅडम व्हिडिओ कॉलवरून सांगायच्या आणि मामा एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने माश्या नव्या बाटलीत झटकायचे. त्यांनी एक वही केली होती. तारीख, विभाग आणि काय केलं, एवढंच. त्या वहीची छायाप्रत मी जपून ठेवली आहे. आमच्या शाखेचा त्या वर्षाचा खरा अहवाल मला तोच वाटतो.

एप्रिलपासून तास फोनवर सुरू झाले. आधी झूम, मग झूम सुरक्षित नसल्याची केंद्रीय गृह मंत्रालयाची सूचना आली म्हणून गूगल मीट. पण तासाला यायचं कुणी? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेट होतं आणि संगणक ४.४ टक्के घरांत. आमच्या वर्गाचं चित्र याहून फार वेगळं नव्हतं. घरात एक स्मार्टफोन, तो वडिलांबरोबर शेतावर किंवा भावाबरोबर कामावर. मुलगी रात्री नऊनंतर ध्वनिचित्रफीत बघणार. सिंधुदुर्गातली एक विद्यार्थिनी नेटवर्कसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास करत होती, ती बातमी राज्यभर गाजली. तिचं कौतुक झालं ते योग्यच. पण तशी टेकडी गाठणारी मुलं आमच्याही वर्गात होती आणि त्यांचे आईवडील संध्याकाळी त्यांना आणायला जायचे, हे मला विसरता येत नाही.

जर्नलचं काय करायचं, हा वेगळाच पेच. प्रयोग झाला नाही तरी निरीक्षणांचे आकडे आम्ही पाठवायचे, मुलांनी आकडेमोड करून जर्नल लिहायचं आणि कॅमस्कॅनरने पीडीएफ करून पाठवायचं, असं ठरलं. मुलांना ते ॲप शिकवण्यात जून गेला. २९ जूनला सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली आणि त्यात कॅमस्कॅनरही होतं. पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. केंद्राच्या व्हर्च्युअल लॅब्ज प्रकल्पातले प्रयोगही वापरून पाहिले. पुण्याच्या सीओईपीसारख्या संस्थांनी त्यासाठी चांगलं काम आधीच करून ठेवलं होतं. पडद्यावरची ब्युरेट मात्र कधी गळत नाही आणि तिच्यात हवेचा बुडबुडा अडकत नाही.

म्हणून मी आणि मामांनी स्वतःच चित्रफिती करायचं ठरवलं. मी फोन धरायचा आणि प्रयोग मामांनी करायचा. मला दोन्ही एकदम जमत नव्हतं, आणि खरं म्हणजे त्यांचा हात माझ्याहून स्थिर. डावा हात ब्युरेटच्या मागून वळवून तोटीवर, उजव्या हातात शंकूपात्र, मनगट सारखं गोल फिरतंय. चित्रात फक्त हात दिसायचे. पहिली चित्रफीत ग्रुपवर टाकली आणि पाच मिनिटांत एका मुलीचा निरोप आला, "सर, हे मामांचे हात आहेत ना?" मग एकामागून एक निरोप येत गेले. मामांनी ते वाचायला माझा फोन मागून घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही.

अडचण रंगाची होती. फिनॉल्फ्थॅलिनचा खरा अंत्यबिंदू म्हणजे अगदी फिकट गुलाबी, पांढऱ्या फरशीवर धरलं तरच कळेल इतका, आणि तो अर्धं मिनिट टिकला पाहिजे. फोनचा कॅमेरा पांढरं स्वतःच ठरवतो. तो फिकट गुलाबी त्याने पार पुसून टाकला आणि चित्रात पात्र कोरं पाणी दिसू लागलं. चार वेळा केलं. शेवटी मी म्हटलं, "मामा, अजून दोनतीन थेंब टाका, पोरांना दिसायला तर हवं." त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण थेंब टाकले. रंग गडद झाला आणि चित्रात छान उतरला.

दरम्यान अंतिम वर्षाच्या परीक्षेचा घोळ वर्षभर पुरेल इतका झाला. २९ एप्रिलला विद्यापीठ अनुदान आयोगाची पहिली मार्गदर्शक तत्त्वं आली, जूनमध्ये राज्य सरकारने परीक्षा न घेण्याचं ठरवलं, ६ जुलैला आयोगाने सप्टेंबरअखेर परीक्षा घ्याच म्हणून कळवलं, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ ऑगस्टला निकाल लागला: परीक्षेविना पदवी नाही, मुदत वाढवून हवी असेल तर राज्यांनी आयोगाकडे मागावी. ऑक्टोबरमध्ये बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा झाल्या, बऱ्याचशा ऑनलाइन. प्रात्यक्षिकाच्या जागी फोनवर तोंडी परीक्षा. एका मुलाला मी विचारलं, पिपेटच्या टोकाशी उरलेला थेंब फुंकायचा का? "नाही सर," तो म्हणाला, "पात्राच्या भिंतीला टोक टेकवायचं." गुण पूर्ण दिले. दिलेच पाहिजेत. पण त्याने ते टोक टेकवलेलं मी पाहिलं नव्हतं.

विज्ञान शाखेने या काळात जे दिलं, तेही इथे नोंदवायला हवं. सॅनिटायझरचा तुटवडा पडला तेव्हा अनेक महाविद्यालयांच्या रसायन विभागांनी ते स्वतःच बनवलं. जागतिक आरोग्य संघटनेची कृती साधी आहे: दहा लिटरसाठी ९६ टक्के इथेनॉल ८३३३ मिलिलिटर, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलिटर, ग्लिसरॉल १४५ मिलिलिटर, उरलेलं उकळून गार केलेलं पाणी. भरल्यावर बाटल्या ७२ तास बाजूला ठेवायच्या, म्हणजे अल्कोहोलला दाद न देणारे जिवाणूंचे बीजाणू पेरॉक्साइडने मरतात. आम्ही ग्रामीण रुग्णालयाला आणि पोलीस ठाण्याला कॅन भरून दिले.

त्याहून मोठं काम विद्यापीठांनी केलं. भारतात जानेवारी २०२० मध्ये करोनाची चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतच होत होती. जूनअखेर देशात हजारावर प्रयोगशाळा होत्या. ही वाढ केवळ रुग्णालयांच्या जिवावर झाली नाही. अमरावतीचं संत गाडगेबाबा विद्यापीठ, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ, तेव्हाच्या औरंगाबादचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, यांनी आपल्या आवारात चाचणी सुरू केली. त्यासाठी लागणारं पीसीआर यंत्र जैवतंत्रज्ञानाच्या विभागांना ओळखीचं होतं, एम.एस्सी.च्या मुलांना त्यावर डीएनएच्या प्रती काढायला शिकवतात. विषाणूचा आरएनए आधी डीएनएमध्ये उतरवायचा, मग ९५ अंशांना दोन धागे सुटे करायचे, ६० अंशांच्या आसपास त्यांवर नवे धागे बांधायचे, की एक फेरी झाली. दर फेरीला प्रती दुप्पट. एका धाग्यापासून तीस फेऱ्यांत शंभर कोटींच्या वर. प्रती वाढतात तशी नमुन्याची चमकही वाढते; ज्या फेरीला ती ठरलेला उंबरठा ओलांडते, तोच तो सीटी आकडा, जो त्या वर्षी घराघरांत बोलला जाऊ लागला.

काल ज्या यंत्रावर गुणांसाठी प्रयोग व्हायचा, त्यावर आता गावच्या कुणाच्या तरी आजीचा नमुना होता. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीत रुग्ण झपाट्याने वाढले आणि टाळेबंदी पुन्हा लागली, तेव्हा अशा प्रयोगशाळांतले हात रात्रंदिवस चालले. पूर्ण पोशाखात, जैवसुरक्षा कपाटासमोर तासन्‌तास बसून. जिल्ह्याच्या ठिकाणी विद्यापीठ कशासाठी असतं, असं विचारणाऱ्यांना मी हे उत्तर देतो.

महाविद्यालयं १५ फेब्रुवारी २०२१ ला निम्म्या उपस्थितीने उघडली आणि दुसऱ्या लाटेत मिटली. खरी सुरुवात २० ऑक्टोबर २०२१ ची, तीही दोन डोस झालेल्यांसाठी. कोव्हिशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर होतं, त्यामुळे निम्मा वर्ग फाटकाबाहेरच राहिला.

जी मुलं आत आली, ती दुसऱ्या वर्षाची होती. पदवीचं एक वर्ष संपलेलं, गुण भरघोस, आणि त्यांतल्या एकानेही कॉलेजची ब्युरेट हातात धरलेली नव्हती. मामांनी चोवीस ब्युरेटी आदल्या दिवशी लावून ठेवल्या. कागदाच्या पट्ट्या काढल्या, तोट्यांना पुसट ग्रीस लावलं, एकेक फिरवून पाहिली. एकही बसलेली नव्हती.

कोपऱ्यातल्या ओट्यावरची मुलगी सावकाश, नीट करत होती. रीडिंग घेताना डोळे रेषेच्या पातळीला, मनगट फिरतंय. रंग उमटला, फिकट. ती थांबली नाही. अजून एक थेंब, अजून एक. पात्र गडद गुलाबी झालं तेव्हा तिने तोटी बंद केली आणि माझ्याकडे बघून हसली.

मी म्हटलं, "अगं, मघाशीच झालं होतं."

"पण सर, व्हिडिओत असाच रंग होता."

मामा शेजारच्या ओट्याशी होते. त्यांनी काही न बोलता तिचं शंकूपात्र घेतलं, बेसिनमध्ये रिकामं करून धुतलं आणि ब्युरेट शून्यापर्यंत पुन्हा भरून दिली. मग पात्राखाली पांढरी फरशी सरकवत तिला म्हणाले, "बाळ, आता माझ्या हाताकडे नको बघू. इथं बघ."