घोणस की डुरक्या? चावल्यावर ओळखत बसू नका



ऊसतोड आणि रब्बीची पेरणी एकदम आली, तसे मला सापांचे फोटोही जास्त यायला लागलेत. "मॅडम, ही घोणस की डुरक्या?" हा प्रश्न ठरलेला. म्हणून आज खत-पाणी बाजूला ठेवू.

डुरक्या घोणस नावालाच घोणस, नात्याने नाही. ती बिनविषारी, मांडुळाच्या कुळातली. खरी घोणस विषारी, तिचं कूळच वेगळं. वटवाघूळ उडतं म्हणून पक्षी होत नाही ना, तसंच. दोघीही पाल्यापाचोळ्यात दडून उंदराची वाट बघतात. तिथे तपकिरी, ठिपक्यांचं अंग पटकन दिसत नाही, म्हणून दोघींचा रंग सारखा.

घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात. डोकं त्रिकोणी, मानेपासून वेगळं दिसतं. डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकते. डुरक्याचे ठिपके वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले. मान वेगळी कळत नाही आणि शेपटी आखूड, खरखरीत.

घरात घोळ होतो तो मण्यार आणि कवड्याचा. मण्यारचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक आणि मानेकडे पुसट. बिनविषारी कवड्याचं नेमकं उलटं. मण्यार रात्री झोपेत चावला तर कित्येकदा दुखत नाही, सूजही येत नाही. मग पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. "काही नाही, किडा चावला असेल" म्हणून झोपून राहिलेला माणूस जिवाला मुकू शकतो.

ही ओळख लांबूनच करायची हां. पाचट उचलताना गमबूट आणि काठी, रात्री पाणी धरायला जाताना बॅटरी.

आणि चावलाच, तर "डुरक्याच होती" म्हणत घरी थांबू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर एकच इंजेक्शन चालतं, त्यामुळे साप मारून डॉक्टरांना दाखवायची गरज नाही. चिरा देऊ नका, दोरीने आवळू नका, मांत्रिकाकडे तर अजिबात नको. हात-पाय हलू न देता 108 ला फोन करा. गाडी लवकर येत नसेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून जवळचं सरकारी रुग्णालय किंवा ससून गाठा. चावल्याची वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर ती आधी विचारतात.

पोरांना साप काचेआडून दाखवायचे असतील तर कात्रजचं सर्पोद्यान आहे. बुधवारी बंद असतं.