नावात तिफारिती

तिफारिती हे पश्चिम सहारातलं एक उजाड ठाणं. वाळू-दगडांचा सुमारे 2,700 किलोमीटरचा बांध घालून मोरोक्कोने हा प्रदेश दुभागलाय. बांधाच्या पूर्वेकडच्या, स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पोलिसारिओ आघाडीच्या पट्टीला इथले मूळचे सहरावी लोक ‘मुक्त प्रदेश’ म्हणतात आणि तिफारिती तिथं आहे. 1991 च्या ऑगस्टमध्ये, मोरोक्को आणि पोलिसारिओ यांच्यातली युद्धबंदी महिन्याभरावर आली असताना, मोरोक्कोच्या विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. सहरावींनी गेल्या दशकाच्या सुरुवातीला आपलं पहिलं विद्यापीठ काढलं, तेव्हा नाव दिलं या ठाण्याचं.

शिकवण्याचं काम मात्र 300 किलोमीटरच्या आसपास दूर, अल्जीरियातल्या तिंदूफजवळच्या निर्वासित छावण्यांच्या आधाराने चालतं. या छावण्या म्हणजे अल-अयून, स्मारा, दाखला, औसर्द, बोजदूर. सगळी मागे सुटलेल्या गावांची नावं. म्हणून विद्यापीठाच्या नावाचं इथं कुणाला नवल वाटत नसावं.

स्पेनने पश्चिम सहाराची वसाहत सोडली, मोरोक्को आणि मॉरिटानियाच्या फौजा शिरल्या, तेव्हा 1975-76 मध्ये सहरावी लोक हमादाच्या खडकाळ माळावर आले. पहिल्या शाळा तंबूत भरल्या. पुढच्या शिक्षणाला बाहेर जाणं आलंच: अल्जीरिया, लिबिया आणि सगळ्यात दूर क्युबा. क्युबाला गेलेली मुलं दहा-बारा वर्षांची असत. परतत ती डॉक्टर, इंजिनिअर होऊन, तोंडात क्युबन वळणाची स्पॅनिश घेऊन. लोक त्यांना ‘क्युबाराउई’ म्हणू लागले. डॉक्टरला छावणीत रोगी मिळाले, पण जिथं पूल नाही, कारखाना नाही, तिथं इंजिनिअरने काय करायचं? म्हणून घरच्या विद्यापीठाने आधी परिचारिका आणि शिक्षक घडवण्याकडे पाहिलं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. भव्य इमारतीचा हव्यास परवडणाराही नव्हता. 2015 च्या ऑक्टोबरमधल्या पावसात छावण्यांतली मातीच्या विटांची घरं आणि शाळा विरघळून गेल्या.

खरी अडचण पदवीवरच्या शिक्क्याची. पोलिसारिओने घोषित केलेलं सहरावी प्रजासत्ताक आफ्रिकन युनियनचं सदस्य आहे, संयुक्त राष्ट्रांचं नाही. भारतानेही 1985 मध्ये दिलेली मान्यता 2000 मध्ये काढून घेतली. अशा देशाचं प्रमाणपत्र दुसरीकडे कोण ग्राह्य धरणार? त्यामुळे परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी ही इथं शोभेची गोष्ट नाही, पदवीला किंमत यायची ती तिच्यामुळेच.

2020 च्या नोव्हेंबरमध्ये युद्धबंदी मोडली आणि तिफारिती पुन्हा रणक्षेत्रात गेलं. बांधापलीकडच्या खऱ्या अल-अयूनमध्येही कित्येक दशकं पूर्ण विद्यापीठ नव्हतं. तिथली सहरावी मुलं अगादीर, मराकेशला जात. अल-अयून नावाच्या छावणीतली अल्जीरियाच्या उत्तरेतल्या शहरांत.